मान धरण्यापासून गोल काढण्यापर्यंत: अंगणवाडी आणि पाळणाघरातल्या ताईंसाठी

"केवढा झाला?" असं विचारलं की आजी सांगते, "झाला की वर्षाचा!" कार्ड उघडून बघावं तर पोराला साडेदहा महिने झालेले असतात. आणखी चौकशी केली की कळतं, बाळंतपण सहा आठवडे आधीच झालं होतं. म्हणजे आजीच्या हिशेबाने वर्षाचं होऊनही एकटं उभं न राहणारं हे मूल विकासाच्या हिशेबाने नऊच महिन्यांचं आहे, आणि वेळेवर चाललं आहे. याच्या उलटही होतं. "लहान आहे अजून" म्हणत दोन वर्षांच्या मुलाच्या न बोलण्याकडे सगळं घर काणाडोळा करतं.

अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई यांच्याकडे मूल रोज काही तास असतं. डॉक्टरांना ते दहा मिनिटं दिसतं, तेही बहुधा रडताना. मी बरीच वर्षं हे काम केलं आणि नंतर नव्या ताईंना शिकवलं. त्या अनुभवावरून सांगते, वाढीतली अडचण सगळ्यात आधी तुमच्या लक्षात येऊ शकते. त्यासाठी काय बघायचं, कसं मोजायचं आणि कुठे लिहायचं, ते क्रमाने मांडते.

आधी वय नीट काढा

माता-बाल संरक्षण कार्ड किंवा जन्मदाखला बघितल्याशिवाय वय लिहू नका. दोन्ही नसेल तर सणांवरून जा: पोळ्याच्या आधी की नंतर, त्या दिवाळीला बाळ पोटात होतं की मांडीवर. वय नेहमी पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचं. १४ मार्चला जन्मलेलं मूल १३ ऑगस्टला चारच महिन्यांचं असतं.

मग विचारा, बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले, तितके त्याच्या वयातून वजा करायचे आणि उरलेल्या वयाप्रमाणे त्याचा विकास बघायचा. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंतच करायची. लसीकरणाला मात्र ती लावायची नाही. लस खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. या घोळामुळे लस उशिरा मिळालेली मुलं मी पाहिली आहेत.

मोजमाप: काटा शून्यावर आहे का?

वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर, दात. ती मोजता येते. विकास म्हणजे मुलाला काय करता येऊ लागलं. तो मोजपट्टीत मावत नाही, डोळ्यांनी बघावा लागतो. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा. वजन उत्तम असून बोलण्यात मागे असलेलं मूल असतं, तसंच किडकिडीत असून सगळ्या गोष्टी वेळेवर करणारंही असतं.

एकदा एका वस्तीतल्या बारा-तेरा मुलांचं वजन एकाच महिन्यात घटलेलं दिसलं. साथ नव्हती, जुलाब नव्हते. शेवटी कळलं की आधीच्या महिन्यात काटा झोळीसकट शून्यावर आणलाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक मुलात झोळीचं वजन मिळालं होतं. त्यामुळे हे नियम कंटाळवाणे वाटले तरी पाळा. लटकता काटा मजबूत आधाराला, आपल्या डोळ्यांच्या पातळीत टांगायचा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. ओला लंगोट, स्वेटर, पायातले वाळे, हातातली कडी काढायची. मूल स्थिर झालं की वाचायचं आणि वाचल्याबरोबर लिहायचं. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर तो सपाट, टणक फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून घेतात, त्यानंतर उंची उभं करून. झोपवून घेताना दोघी लागतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून तळवे सरकत्या फळीला लावायचे. एकटीने घेतलेली लांबी हमखास चुकते. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपायला तयारच नसेल आणि उभं करून मोजलं, तर आलेल्या आकड्यात ०.७ सेंटीमीटर मिळवा. मुलींचे बो आणि शेंड्या आधी सोडा.

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा, डाव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. हात सैल लोंबता हवा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे. वजन कितीही चांगलं दिसो, त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवायचं.

आता आकडे. जन्मतः वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर ते बाळ कमी वजनाचं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं, घाबरायचं नाही. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना साधारण चौपट. लांबी जन्मतः ५० सेंटीमीटरच्या आसपास, वर्षाला ७५, आणि चार वर्षांना सुमारे १००.

यातलं एक आयांना जरूर सांगा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं, पण दुसऱ्या अख्ख्या वर्षात दोन-अडीच किलोच. त्यामुळे वर्षानंतर भूक मंदावल्यासारखी वाटते. "पहिल्यासारखं खातच नाही" म्हणून नाक दाबून घास कोंबणं इथेच सुरू होतं आणि जेवण म्हणजे रोजची लढाई होऊन बसते. वाढीची रेघ वर जात असेल तर भुकेवर विश्वास ठेवा.

रेघ म्हणजे कार्डावरचा आलेख, मुलींचा गुलाबी आणि मुलग्यांचा निळा. त्यामागची मानकं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी सहा देशांतली मुलं अभ्यासली होती आणि त्यांत दिल्लीची मुलंही होती. "हे परदेशी मुलांचे आकडे आहेत, आपली मुलं बारीकच असतात" हे उत्तर त्यामुळे टिकत नाही. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये, आकडा भरला की रंग आपोआप येतो, पण रंगावर थांबू नका. हिरव्या पट्ट्यातल्या मुलाची रेघ दोन महिने आडवी असेल, तर ते मूल मला पिवळ्यातून वर चढणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. आडव्या रेघेचं कारण त्याच आठवड्यात शोधा: ताप, जुलाब, आईचं पुन्हा कामावर जाणं, धाकट्याचा जन्म, घरातलं स्थलांतर.

पहिलं वर्ष: वरून खाली, खांद्याकडून बोटांकडे

ताबा आधी मानेवर येतो, मग पाठीवर, मग कमरेवर, शेवटी पायांवर. हातांचंही तसंच: आधी सगळा हात हलतो, मग पंजा, शेवटी बोटं. हा क्रम सहसा बदलत नाही, वेग मात्र मुलागणिक वेगळा. त्यामुळे "शेजारचा चालायला लागला" हा काही मापदंड नाही. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा.

दीड-दोन महिन्यांचं बाळ माणसाचा चेहरा बघून हसतं. झोपेतलं हसू वेगळं. तुम्ही बोललात आणि त्याला उत्तर म्हणून आलं, ते खरं हसू. तीन-चार महिन्यांत ते मान धरतं आणि मुठी उघडतात. चार ते सहा महिन्यांत पालथं पडतं. यासाठी बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवायला हवं. झोपवताना मात्र उताणंच. सातव्या महिन्याच्या आसपास एका हातातला खुळखुळा दुसऱ्या हातात जातो.

बोटांची गंमत बघायची असेल तर ताटलीत एक कुरमुरा ठेवा आणि जवळ बसा. सात महिन्यांचं बाळ तो पंजाने ओढतं, कुरमुरा ताटलीभर फिरतो आणि शेवटी मुठीत कुठेतरी हरवतो. तेच बाळ दहाव्या महिन्यात हात खाली आणतं, क्षणभर थांबतं, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत तो नेमका उचलतं. पुढे बटण लावणं, चपाती तोडणं, पेन्सिल धरणं, सगळं या चिमटीवर उभं राहतं. हे दिसलं की तारीख लिहा.

आधाराशिवाय बसायला बहुतेक मुलं सहा ते आठ महिन्यांत लागतात, पण निरोगी मुलांतही ही मुदत साधारण चार ते नऊ महिन्यांपर्यंत पसरलेली असते. एकट्याने चालण्याची मुदत त्याहून मोठी, सुमारे आठ ते साडेसतरा महिने. काही मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. ढुंगण सरकवत पुढे जातात आणि थेट उभी राहतात. रांगलं नाही एवढ्याच कारणावरून आईला घाबरवू नका.

वॉकरबद्दल स्पष्ट सांगते: मूल आत बसतं आणि पायांनी ढकलतं तो चाकांचा वॉकर पाळणाघरात ठेवू नये. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि उंबऱ्यावरून, पायरीवरून मूल डोक्यावर पडतं. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. उभं राहू लागलेल्या मुलाला तो सपाट जागेवर, तुम्ही जवळ असताना द्यायला हरकत नाही.

बोलणं, आणि त्याआधी ऐकणं

आमच्या पाळणाघरात एक मूल होतं, फार गुणी. कुणाच्या रडण्याने त्याची झोप मोडायची नाही. दाराची बेल वाजली तरी ते आपल्या ठोकळ्यांत रमलेलं. आम्ही आईपाशी त्याचं कौतुक करायचो: "तुमचं बाळ म्हणजे शांत, त्रासच नाही." ते दीड वर्षाचं झालं तेव्हा एके दिवशी त्याच्या मागे स्टीलची ताटली फरशीवर पडली. बाकीची सगळी मुलं दचकली, दोन रडायला लागली. याने मानही वळवली नाही. पुढे बेरा टेस्टमध्ये, म्हणजे कानांच्या तपासणीत, कळलं की दोन्ही कानांनी त्याला फारच कमी ऐकू येतं. त्या ताटलीच्या आवाजाआधी आम्हाला कितीतरी महिने मिळाले होते. ते आम्ही त्याच्या शांतपणाचं कौतुक करण्यात घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून प्रत्येक बाळाचं ऐकणं तपासा. त्याची नजर दुसरीकडे असताना, बाजूने, त्याला दिसणार नाही असा खुळखुळा वाजवा. सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने वळतं. टाळी मागून जोरात वाजवू नका, हवेचा झोत लागून बाळ वळतं आणि आपली फसगत होते.

बोलण्याचा क्रम असा: दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा-सातव्या महिन्यात बाबाबा-दादादा, नवव्याच्या आसपास आपलं नाव ओळखणं, टाटा करणं, वर्षाला एखादा अर्थपूर्ण शब्द. दीड वर्षाला आठ-दहा शब्द आणि "चेंडू दे" ऐकून तो देणं. दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी: "दूदू पायजे", "बाबा गेले". तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं, आणि परक्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं. शब्द येण्याआधी बोट येतं हेही लक्षात ठेवा. वर्षाचं मूल चांदोबा दाखवायला बोट करतं आणि मग वळून तुमच्याकडे बघतं, तुम्हीही बघताय ना म्हणून. ही नजरेची देवाणघेवाण शब्दांइतकीच महत्त्वाची.

घरी कोरकू, पावरी किंवा माडिया, अंगणवाडीत मराठी. किंवा घरी भोजपुरी आणि मुंबईच्या पाळणाघरात हिंदी-मराठी. अशा मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. घरची भाषा सोडायला आईला सांगू नका. उलट तिच्याकडून पाच-दहा शब्द शिकून घ्या: पाणी, भूक, शी, झोप, आई. पहिल्या आठवड्यात त्या मुलाला या शब्दांचा केवढा आधार होतो!

बोलणं वाढवायला चित्रांचे तक्ते नसले तरी चालतं. लंगोट बदलताना, हात धुताना, वरण-भात कालवताना जे करताय ते बोलत राहा आणि मधे थांबा. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो. जेवताना मोबाइल लावणं बंद करा. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आहे.

एक ते तीन: "माझं!" आणि "नाई!"

आठव्या-नवव्या महिन्यापासून परकं माणूस बघून मूल रडू लागतं, आई दिसेनाशी झाली की आकांत करतं. ही बिघाडाची खूण नाही. आई वेगळी आहे आणि ती जाऊ शकते, हे त्याला समजलं म्हणून ते रडतं. या वयात पाळणाघरात येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी तासभर, आईसकट, मग हळूहळू वाढवत न्या. मूल खेळात गुंतलं की आईला मागच्या दाराने पळवू नका. रडलं तरी आईने "जेवण झालं, झोप झाली की मी येते" असं सांगूनच जावं, आणि खरंच यावं. गुपचूप जाण्याने मूल त्या दिवशी रडत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आईचा पदर सोडत नाही. पदराआड भॉक करण्याचा खेळ याच वयात इतका आवडतो, कारण गेलेलं माणूस परत येतं हेच त्यात पुन्हापुन्हा दिसतं.

दोन वर्षांचं मूल वस्तू वाटून घेत नाही, कारण ते अजून त्याला जमत नाही. शेजारी बसून दोघं वेगवेगळं खेळतात. एकच बाहुली ठेवण्यापेक्षा तशाच दोन ठेवा. चावणारं मूल बहुधा शब्द नसलेलं मूल असतं. त्याला उलट चावून "कसं लागतं बघ" दाखवणं पूर्ण चुकीचं. ज्याला चावलं त्या मुलाला आधी जवळ घ्या, मग चावणाऱ्याला "मला दे" म्हणायला शिकवा.

शी-शूची सवय दीड-दोन वर्षांनंतर, मूल स्वतः सांगू लागलं, दोन तास कोरडं राहू लागलं की लावा. ओली चड्डी झाली म्हणून चारचौघांत लाजवू नका.

तीन ते सहा: पाटी घाईने हातात देऊ नका

तीन वर्षांचं मूल पायऱ्या एकाआड एक पाय टाकत चढतं, चार वर्षांचं तशीच उतरतं आणि लंगडी घालू लागतं. चित्रातही असाच क्रम दिसतो: तीनला गोल, चारला अधिकचं चिन्ह आणि मग चौकोन, पाचला त्रिकोण. ज्याला अजून गोल बंद करता येत नाही, त्याच्याकडून अ-आ-इ गिरवून घेणं म्हणजे हातावर अन्याय. पालकांचा आग्रह असतो, मला माहीत आहे. त्यांना कणीक मळण्याचा, मणी ओवण्याचा, मातीत बोटाने रेघा ओढण्याचा तास दाखवा आणि सांगा की लिहिण्याची तयारी ही अशी होते.

साहित्य विकत आणायलाच हवं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हापासून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांवर आपल्याकडची बालवाडी उभी आहे. मूल वाडीत येत नसेल तर वाडी मुलाच्या अंगणात न्यायची, हेही त्यांचंच. फक्त चिंचोके, मणी मोजून द्या, मोजून परत घ्या, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या डब्यात नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

वही कशी लिहायची

प्रत्येक मुलाला एक पान, आठवड्याला दोन ओळी. "हुशार आहे", "मस्तीखोर", "छान प्रगती" या नोंदी नव्हेत, ती मतं झाली. "१२ तारीख. तीन ठोकळे एकावर एक ठेवले, चौथा पडला, पुन्हा ठेवला." ही नोंद. "हाक मारली, तिसऱ्यांदा वळली." हीही. तीन महिन्यांनी पान उलटून बघितलं की मूल कुठे अडलंय ते दिसतं.

यातलं काही आढळलं तर वाट बघू नका:

- तीन महिन्यांना माणूस बघून हसत नाही, पाच महिन्यांना मान धरत नाही
- नऊ-दहा महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही
- वर्षाला बोट दाखवणं, टाटा करणं, बडबड यांतलं काहीच नाही
- सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी नाही
- वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरा आखडलेला किंवा लुळा
- नजर भिडवत नाही, नावाला वळत नाही
- आधी येत असलेली गोष्ट करणं बंद झालं, मग वय कोणतंही असो

शेवटचं सगळ्यात गंभीर. बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं तर त्याच आठवड्यात तपासणी.

आईशी बोलणं आणि पुढे पाठवणं

सुटीच्या वेळी दारात, सासू आणि इतर आयांसमोर हे बोलू नका. आईला आत बसवा. आधी मुलाला काय छान येतं ते सांगा, मग वहीतली नोंद वाचून दाखवा. "तुमचं मूल मंद आहे" किंवा "ऑटिझम वाटतोय" हे आपण म्हणायचं नाही. निदान डॉक्टर करतील. "मला हे दिसलं, घरीही असंच दिसतं का? एकदा तपासून घेऊ" इतकं पुरे. घरी मूल वेगळं वागत असेल तर तेही लिहून घ्या. "याचा बापही उशिरा बोलला" हे उत्तर येतंच. त्यावर वाद घालू नका. "असेलही, पण कान तपासायला काय हरकत आहे?" असं म्हणा.

पाठवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना, २०१३ मध्ये आपल्या पालघरपासूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण पुढच्या फेरीपर्यंत थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नेता येतं. तिथे कान, डोळे, वाचा, फिजिओथेरपी अशा तपासण्या आणि उपचार मोफत असतात. खासगी पाळणाघरातल्या मुलांनाही सरकारी रुग्णालयाचं दार उघडं आहे, हे पुष्कळ ताईंना ठाऊक नसतं. तीव्र कुपोषित मुलाची आधी वैद्यकीय तपासणी होते. भूक चांगली असेल आणि आजार नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, नाहीतर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात.

चिठ्ठी दिली म्हणजे मूल तिथे पोहोचलं असं होत नाही. मजुरी बुडते, एसटी चुकते, नवरा "नंतर बघू" म्हणतो. आशाताईंना तारीख सांगून ठेवा, जमलं तर त्या दिवशी धाकट्याला अंगणवाडीत थांबवून घ्या म्हणजे आई मोकळी जाईल. परत आल्यावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचून मुलाच्या पानावर उतरवा आणि सांगितलेला व्यायाम आईकडून तुम्हीही शिकून घ्या, कारण दिवसातले पाच-सहा तास मूल तुमच्याकडेच असतं.